यिर्मया २९:११ ज्या पत्रातलं आहे, ते पत्र आपण पूर्ण वाचतो का?

नदीकाठ (धागाकर्ता)

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातलं २९:११ हे वचन कुठे दिसत नाही? मंडळीच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या निकालादिवशी व्हॉट्सॲप स्टेटसवर, नव्या फ्लॅटच्या दारावर. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, मी तुम्हाला आशा देणार आहे, असा त्या वचनाचा भावार्थ. लहानपणापासून पाठ असल्यामुळे ते कुठून आलं हे विचारावंसंही कुणाला वाटत नाही.

पुण्यात आमचा युवक गट आहे, शनिवारी संध्याकाळी बायबल अभ्यासाला बसतो. आमच्यातल्या एका मुलाचा परदेशी शिक्षणाचा व्हिसा नाकारला गेला. कर्जाची तयारी झालेली, नोकरी सोडलेली. त्याच दिवशी त्याला चार-पाच जणांनी हेच वचन पाठवलं. अभ्यासाला आल्यावर त्याने सरळ विचारलं, "संकल्प हिताचे आहेत ना, मग हे काय झालं?" लगेच उत्तर द्यायच्या भरीस न पडता आम्ही एवढंच ठरवलं की अध्याय २९ पहिल्या वचनापासून मोठ्याने वाचायचा. फार वेळ लागत नाही. पण त्यानंतर बराच वेळ कुणी उठलं नाही.

हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम घेतली आणि तरुण राजा यखन्या, राजमाता, दरबारी, सुतार, लोहार अशा कामाच्या माणसांना बाबेलला नेलं. शहर अजून उभं होतं, मंदिर उभं होतं, सिद्कीया नावाचा राजाही गादीवर होता. यिर्मया मागे राहिला होता. सिद्कीयाचे दोन वकील, एलासा आणि गमऱ्या, बाबेलला निघाले होते. त्यांच्या हाती त्याने हे पत्र दिलं.

आता पत्रात काय आहे ते बघा. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलामुलींची लग्नं लावा, तिथे कमी होऊ नका, वाढा. ज्या नगरात तुम्हाला धरून नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग लगेच ताकीद: तुमच्यातले संदेष्टे आणि स्वप्नं बघणारे तुम्हाला फसवत आहेत, त्यांचं ऐकू नका. त्यानंतर दहावं वचन, बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि मग कुठे अकरावं, आपलं कॅलेंडरवालं.

सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी जवळपास कुणीच परतणार नव्हतं. ज्यांना "हिताचे संकल्प" ऐकवले ती माणसं परक्या मातीत मरणार होती, आणि हे पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

मागचा अध्याय जोडून वाचला की आणखी उलगडतं. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजा, भांडी, लोक. तो यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडतो. त्याआधी यिर्मया त्याला काय म्हणतो? "आमेन, परमेश्वर असंच करो." त्यालाही तेच हवं होतं. पण तसं होणार नाही हे त्याला दिसत होतं. अकरावं वचन हे हनन्याच्या "दोन वर्षांत"ला दिलेलं उत्तर आहे. आणि आपण तेच वचन उचलून नेमकं हनन्याचं बोलणं एकमेकांना ऐकवतो: लवकरच, याच वर्षी, तुझंच.

माझं म्हणणं एवढंच आहे. वचन वापरायला हरकत नाही, पण ते पत्रासकट वापरावं. तुम्ही हा अध्याय कसा वाचता ते ऐकायचं आहे.

सुमन_मावशी

बाळा, लिहिलंस ते छान आहे, पण मला जरा लागलं. आमचे हे अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी रात्ररात्र हेच वचन म्हणत बसायचे. मला तेव्हा बाबेल ठाऊक नव्हतं, नबुखद्नेस्सर ठाऊक नव्हता. ते गेले. वचन माझ्याजवळ राहिलं. आता तू म्हणतोस ते पत्र दुसऱ्याच कुणाला लिहिलेलं होतं. मग माझ्या हातात काय उरलं? साध्या विश्वासणाऱ्या बाईने आधी इतिहास शिकायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचं का?

नदीकाठ

मावशी, तुमच्या हातून काहीही काढून घ्यायचं नाही. उलट पत्र वाचल्यावर मला वाटतं, तुम्ही ते बरोबर हाती धरलं होतं. काका परतले नाहीत तरी वचन टिकलं, असं तुम्हीच लिहिलंय. पहिल्यांदा हे ज्यांनी ऐकलं त्यांचंही तेच झालं. त्यांच्यापैकी कित्येकांना परतीची वाट दिसली नाही, तरी त्यांनी ते पत्र फेकून दिलं नाही, जपलं, मुलांना दिलं. म्हणून ते आज आपल्यापर्यंत आलंय.

माझी तक्रार वेगळ्या वापराबद्दल आहे. "हे वचन म्हण, नोकरी लागेल" असं जेव्हा सांगितलं जातं आणि नोकरी लागत नाही, तेव्हा त्या मुलाला वाटतं की माझ्याच विश्वासात खोट आहे. ती जखम पत्र अर्धवट वाचल्याने होते.

आणि आधी इतिहास शिकायलाच हवा असं मुळीच नाही. पण शिकायची संधी असताना शिकवायचंच नाही, हेही बरोबर नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा नियमशास्त्र वाचतो तेव्हा लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांमध्ये फिरून अर्थ समजावून देतात, आणि लोक रडतात ते समजल्यावर.

बावखल

वसईहून. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचनं ठरलेली असतात, त्यामुळे एकच वचन उचलायची सवय थोडी कमी. पण स्टेटसवर आम्हीही तेच लावतो, त्यात पंथभेद नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजात याबद्दल स्पष्ट मार्गदर्शन आहे. लेखकाला काय सांगायचं होतं ते शोधा, लिखाणाचा प्रकार ओळखा, मग ते सबंध शास्त्राच्या एकतेत आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेत वाचा. पत्र पत्रासारखं वाचायचं, स्तोत्र स्तोत्रासारखं.

आता इथे एक गोष्ट जोडतो. नदीकाठ, तुम्ही अकराव्यावर थांबलात. पण बारा ते चौदा वाचा: तुम्ही मला हाक माराल, माझी प्रार्थना कराल, मी ऐकेन, मनापासून शोधाल तर सापडेन. मंदिर शेकडो कोस दूर, यज्ञ नाही, वेदी नाही, आणि देव म्हणतो, मी तिथेही सापडेन. मला तर पत्राचा गाभा इथे वाटतो. परत जाणं सत्तर वर्षांनी, पण सापडणं आजपासून. मावशींनी रात्ररात्र केलं ते हेच तर होतं.

मृत्तिका

मी श्रद्धेच्या बाजूने लिहिणार नाही, मला प्राचीन इतिहासात रस आहे. पण या पत्राला आजूबाजूचा पुरावा इतका चांगला आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

५९७ ची स्वारी बाबेलच्या राजवृत्तातच नोंदलेली आहे. ती मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजाने यहूदाच्या नगराला वेढा घातला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ते घेतलं, तिथल्या राजाला धरलं आणि आपल्या पसंतीचा राजा बसवला, असं ती सांगते.

बाबेलच्या उत्खननात शिधावाटपाच्या पाट्या मिळाल्या. त्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत यहूदाचा राजा यखन्या आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. म्हणजे राजा बंदी, पण कोठारातून तेल मिळतंय.

सगळ्यात बोलकं पुढे आहे. बाबेलच्या मुलखात "यहूदा" याच नावाची एक वस्ती होती. तिथल्या आणि आसपासच्या पाट्या २०१४ मध्ये एकत्र छापल्या गेल्या. त्या बाजारातून आल्या, उत्खननातून नाही, त्यामुळे नेमकी जागा सांगता येत नाही. सर्वात जुनी इ. स. पू. ५७२ ची. विषय काय? जमिनीचा खंड, बार्ली, खजूर, बैल, कर्ज, वारसा. नावांत "याहू" हे देवाचं नाव असलेली माणसं शेती करतायत, कर भरतायत, करारांना साक्षीदार राहतायत. एका पाटीवर "शेलेम्या" हे नाव कीलाकार लिपीशेजारी त्यांच्या जुन्या हिब्रू लिपीतही कोरलेलं आहे. घरं बांधा, मळे लावा, हे पत्रात वाचायचं आणि मग ही खंडाची पावती बघायची.

यहेज्केल संदेष्टाही त्याच बंदिवानांतला. आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो, मी माझ्या घरी बसलो होतो आणि यहूदाचे वडील माझ्यासमोर बसले होते. घर होतं त्याला तिथे!

मात्र दोन गोष्टी श्रद्धावंतांनीही लक्षात घ्याव्यात. एक, या ग्रंथाचा ग्रीक अनुवाद हिब्रू प्रतीपेक्षा सुमारे एक अष्टमांश लहान आहे. त्यात आपला २९ वा अध्याय ३६ वा येतो आणि १६ ते २० ही वचनं नाहीतच. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांत दोन्ही तऱ्हांचे हिब्रू तुकडे मिळाले. म्हणजे हा ग्रंथ जुन्या काळीच एकाहून जास्त रूपांत वाचला जात होता. दोन, ५९७ ला किती लोक नेले याचे आकडे बायबलमध्येच वेगळे आहेत. २ राजे २४ मध्ये दहा हजार, यिर्मया ५२ मध्ये ३,०२३.

पिंपळवाडी

मी नगर जिल्ह्यातला. माझे पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. मी हे पत्र वाचतो तेव्हा सातव्या वचनाशी अडतो, अकराव्याशी नाही.

ज्या नगराने तुला बंदी केलं त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना कर. बरं. ज्या गावाने पणजोबांना विहिरीला हात लावू दिला नाही त्या गावाचं हित त्यांनी पाहायचं? वरच्या लोकांना हे वचन फार सोयीचं आहे. निमूट राहा, कामं करा, कुरकुर करू नका, देवाचे संकल्प हिताचे आहेत. असे उपदेश मी ऐकलेत. "समजून वाचा" म्हणता, तर हेही समजून सांगा. यिर्मया साम्राज्याचा माणूस होता का? त्याच्या काळच्या लोकांनी तर त्याच्यावर फितुरीचा आरोप ठेवलाच होता.

नदीकाठ

पिंपळवाडी, हा प्रश्न या धाग्याला हवाच होता. तुम्ही म्हणता तो आरोप अध्याय ३७ मध्ये आहे. वेशीवर त्याला पकडून म्हणतात, तू खास्द्यांकडे (बाबेलच्या लोकांकडे) पळतोयस. ३८ मध्ये चिखलाच्या टाक्यात सोडतात. म्हणजे हे सांगताना तो काही उंटावरून शेळ्या हाकत नव्हता.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला दोन ठिकाणी दिसतं. पहिलं याच पत्रात. दहावं वचन "बाबेलची सत्तर वर्षं" म्हणतं. ती मुदत बंदिवानांची आहे तशी बाबेलचीही आहे. २५:१२ मध्ये तर उघड लिहिलंय, सत्तर वर्षं भरली की बाबेलच्या राजाला त्याच्या पापाबद्दल शिक्षा होईल. ज्याच्या नगरासाठी प्रार्थना करायची, त्याच्या सत्तेचे दिवस मोजलेले आहेत. हे वाक्य मालकाच्या सोयीचं नाही. राजाच्या वकिलांच्या हाती हे पाठवणं धाडसाचंच होतं.

दुसरं ठिकाण अध्याय ५१ च्या शेवटी, ५९ ते ६४. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी सराया नावाचा दरबारी बाबेलला निघतो. यिर्मया त्याच्याकडे एक पुस्तक देतो, बाबेलवर येणाऱ्या सगळ्या अनिष्टाचं. तिथे पोचल्यावर मोठ्याने वाच, मग त्याला धोंडा बांध आणि फरात नदीत फेक, आणि म्हण, बाबेल असंच बुडेल, पुन्हा वर येणार नाही. हनन्याचा प्रसंगही ग्रंथात त्याच चौथ्या वर्षाचा दिला आहे.

एकाच माणसाकडून एकाच शहरात गेलेले दोन मजकूर! एकात मळे लावा, नगरासाठी प्रार्थना करा. दुसऱ्यात हे नगर बुडणार. अध्याय ५०-५१ मधला बराचसा मजकूर नंतरचा आहे असं अनेक अभ्यासक मानतात. पण ज्यांनी ग्रंथ जुळवला त्यांनी दोन्ही एकाच वेष्टनात ठेवले. जो फक्त २९:७ वाचून तुम्हाला गप्प बसवतो त्याने ५१:६४ लपवलेलं असतं.

बावखल

यात स्तोत्र १३७ घाला. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे तेच लोक, आणि शेवट इतका भयंकर की आपण तो चर्चमध्ये गाळतोच: बाबेलची लेकरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. एकीकडे ते, दुसरीकडे नगरासाठी प्रार्थना. शास्त्रात दोन्ही ठेवलेत. राग आलेल्या माणसाला बाहेर काढलेलं नाही. पण नगराचं काय करायचं ही आज्ञा मात्र पत्रात येते, स्तोत्रात नाही. त्या स्तोत्रात ते देवाला ओरडून सांगतायत, आपल्या हातांनी करत नाहीत. स्तोत्र स्तोत्रासारखं वाचायचं म्हणालो ते यासाठी.

पिंपळवाडी

दोन मजकूर, एक माणूस, हे पटलं. ५१ चा शेवट मी कधी कुठल्या उपदेशात ऐकलेला नाही. आमच्या आजीला मात्र ही बाब न वाचता माहीत होती असं आता वाटतंय. ती गावातल्या प्रत्येक घरासाठी प्रार्थना करायची, आणि पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना मान खाली घालायची नाही.

शनिवारतेली

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, मूळ अलिबागकडचा, आता ठाण्यात. यिर्मयाहू आमचाही, म्हणून लिहितो.

२९:७ आमच्याकडे नुसतं वाचलं जात नाही, पाळलं जातं. जिथे राहतो त्या देशाच्या सरकारसाठी सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणायची रीत आहे, आणि तिचं मूळ याच वचनात सांगतात.

आणखी एक. परत जायची मुभा मिळाली ती पर्शियाच्या कोरेश राजाने इ. स. पू. ५३९ मध्ये बाबेल घेतल्यावर. पण बरेच लोक परतलेच नाहीत. घरं बांधली होती, मळे लावले होते! त्याच बाबेलमध्ये पुढे आमच्या विद्येची मोठी पीठं उभी राहिली, बाबेलचा तालमूद, आमच्या धर्मचर्चेचा मोठा ग्रंथ, तिथलाच. त्या मुलखातली ज्यू वस्ती विसाव्या शतकापर्यंत टिकली. पुण्याच्या कॅम्पात नदीकाठ यांनी लाल देऊळ पाहिलंच असेल. ते बांधणारे डेव्हिड ससून बगदादचे ज्यू. त्या पत्राचा धागा तुमच्या शहरातल्या लाल विटांपर्यंत येतो.

फक्त एक विनंती, कुणी दुखावू नये. हे वचन "आपल्याला" म्हणण्याआधी ते ज्यांना लिहिलं त्यांची आठवण असू द्या. आम्ही अजून आहोत.

रोज_एक_ओळ

शनिवारतेली यांचं शेवटचं वाक्य वाचून थांबले. मग मी ख्रिस्ती म्हणून हे वचन माझं म्हणू शकते का? की ते फक्त इतिहासातलं पत्र? मला खरंच ठरवता येत नाहीये.

आणि सत्तरचा हिशेब कसा? ५९७ ते ५३९ तर अठ्ठावन्नच होतात.

मृत्तिका

हिशेबाचं मी सांगतो. ग्रंथात सत्तर ही बाबेलच्या सत्तेची मुदत आहे. इ. स. पू. ६०५ च्या कर्कमीशच्या लढाईपासून ५३९ पर्यंत सहासष्ट वर्षं होतात. काही जण ५८६ ला मंदिर पडलं तिथपासून ५१६-१५ ला नवं पूर्ण झालं तिथपर्यंत मोजतात, ते सत्तर भरतात. काहींच्या मते सत्तर म्हणजे एक माणसाचं आयुष्य, गोळाबेरीज आकडा. बायबलमधल्या वाचकांचंही एकमत नाही. २ इतिहास ३६ मध्ये ती सत्तर वर्षं म्हणजे भूमीने घेतलेली विश्रांती, असा लेवीय २६ शी जोडलेला अर्थ लावलाय.

नदीकाठ

मृत्तिकांनी बायबलमधल्या वाचकांचा विषय काढला, त्यावरूनच रोज_एक_ओळ यांना उत्तर देतो.

दानीएल ९ उघडा. तिथे दानीएल बसून यिर्मयाचंच लिखाण वाचतोय. सत्तर वर्षं म्हणजे काय, हे त्याने ग्रंथांतून समजून घेतलं असं दुसरं वचन म्हणतं. पत्र त्याच्या नावे आलेलं नव्हतं, तरी तो त्या लोकांतला होता. आणि समजल्यावर तो काय करतो? "माझ्यासाठी काय" असं विचारत नाही. गोणपाट नेसून उपास करतो आणि सगळ्या लोकांच्या वतीने कबुली देतो: आम्ही पाप केलं. पत्राच्या बाराव्या वचनात जे सांगितलं, मला हाक माराल, ते तो अक्षरशः करतो. पुढे त्याला त्याच सत्तरचा नवा अर्थ मिळतो, सत्तर सप्तकं (सात-सातचे सत्तर गट). म्हणजे जुनं वचन नव्या काळात वाचायची वाट शास्त्रानेच घालून दिलीय. पण ती वाट मूळ पत्रावरून जाते, त्याला वळसा घालून नाही.

आपण ख्रिस्ती लोक त्या वचनांत शिरतो ते ख्रिस्तामधून. देवाची वचनं कितीही असोत, ती त्याच्या ठायी "होय" आहेत, हे पौल २ करिंथ १:२० मध्ये म्हणतो. दारातून आत येणाऱ्याने घरच्यांना बाहेर काढायचं नसतं, शनिवारतेली यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. आणि आत आल्यावर अकरावं वचन एकट्याच्या करिअरचं उरत नाही. ते मंडळीचं होतं, पिढ्यांचं होतं. पेत्राचं पहिलं पत्रही पांगलेल्या प्रवाशांनाच लिहिलंय.

म्हणून हो, म्हणा आपलं. पण घरं बांधा, नगराचं हित पाहा, खोट्या आशेला भुलू नका, मला शोधा, हे सगळं सोबत घेऊन म्हणा.

व्हिसावाल्या मुलाबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, म्हणून सांगतो. तो सध्या इथेच नोकरी शोधतोय, नाराजी आहेच. गटात मात्र तोच म्हणाला की पुढच्या शनिवारपासून अध्याय २४ मधल्या अंजिरांच्या टोपल्यांपासून २९ पर्यंत सलग वाचू, आणि मग ५१ चा शेवट. शमायाचं प्रकरण, म्हणजे पत्र मिळाल्यावर बाबेलहून आलेला तो संतापलेला जबाब, "याला खोड्यात का घातलं नाही" असं याजकाला विचारणारा, तो भाग मोठ्याने वाचायचं कामही त्यानेच मागून घेतलंय.

सुमन_मावशी

आम्हा बायकांच्या मंगळवारच्या प्रार्थनेतही सुरू करते. केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. ते छापून झालं १९२४ ला, त्या गेल्यावर. साध्या बायकांना कळावं म्हणूनच ना केलं त्यांनी? मग आम्ही अख्खा अध्याय वाचायला का घाबरायचं? अंजिरांचं काय आहे ते मात्र इथे आधी थोडं लिहा कुणीतरी, मला मंगळवारी सांगावं लागेल.

बावखल

मावशी, लिहितो. मंदिरासमोर अंजिरांच्या दोन टोपल्या, एकीत उत्तम, दुसरीत खाववत नाहीत अशी सडकी. यरुशलेममध्ये राहिलेल्यांना वाटत होतं की आपण वाचलो म्हणजे आपणच देवाचे लाडके, आणि नेले गेले ते टाकलेले. देव उलटं सांगतो: उत्तम अंजिरं म्हणजे बाबेलला नेलेले बंदिवान, सडकी म्हणजे मागे राहिलेला राजा सिद्कीया आणि त्याचे लोक. हे वाचलं की पत्र कुणाला लिहिलं आणि का लिहिलं ते लगेच कळतं. मंगळवारी आधी एवढंच सांगा, मग २९ वाचायला घ्या.